चुन्याचं मत

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आपल्या रस्त्याच्या टोकाला, जुन्या गोदामात राहायला आलेल्या झिपऱ्यांची भिंत फुटली. बातमी पक्की आहे. परवा पोस्टमननं सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, म्हणून काल सकाळी स्वतः जाऊन बोटं फिरवून आलो. साऱ्या गिलाव्यावर फोड. कांजिण्या आलेल्या पोरासारखी भिंत! एका फोडाला नख लावलं तर नाण्याएवढा खपला निघाला आणि आत पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

सात वर्षांनी बापाचं पत्र येतं आणि त्यात परक्यांच्या भिंतीची बातमी, असं तुला वाटेल. वाटू दे. पत्ता तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला. मी सुई शोधत होतो.

हे झिपरे म्हणजे पंचवीस माणसं. बायका, पुरुष, दोन म्हाताऱ्या, चार पोरं. पुरुषांचे केस कमरेपर्यंत, निम्मे लोक अनवाणी, एका घरात कोण कुणाचं हे विचारायची सोय नाही. वर्ष झालं येऊन. गोदामाशेजारी सगळ्यांना एकत्र जेवायला बसता येईल अशी मोठी खोली बांधतायत. मातीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. सिमेंट चालत नाही म्हणे त्यांना. मुंगे, तीस वर्षं मी हेच ओरडतोय, तर लोक मला जुनाट म्हणतात. हे ओरडले की त्यांना बिघडलेले म्हणतात. गिलावा तोच, शिव्या तेवढ्या वेगळ्या.

मी गेलो ते हसायला, हे कबूल करतो. दारातच त्यांच्यातला जटावाला भेटला. खरंच जटा आहेत, त्यात पेन्सिल खोचलेली.

मी म्हटलं, "चुना तयार झालाय हे कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट मताला टाकतात, आजोबा."

"किती मतं?"

"सतरा विरुद्ध चार."

"आणि चुन्याचं मत?"

मागून एक बाई मोठ्यानं हसली. पन्नाशीची, अनवाणी, हात कोपरापर्यंत पांढरे. म्हणाली, "चौघांत मी होते. खड्ड्यात काठी घातली तर तळ अजून गरम लागत होता. पण लोकशाही आहे, काय करणार?"

तळ गरम होता आणि यांनी हात वर करून तो थंड ठरवला! इतका मोठा वेडेपणा मी आयुष्यात पाहिला नाही. पण गंमत सांगू? काठी घालून बघायचं हे त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला आपलं आपण सुचलं.

तीन तास कसे गेले कळलं नाही. घरी आलो तेव्हा आईनं चहा दोनदा गरम केला होता.

तुम्ही राहता तिथेही असं मतदान असतं का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझे बाबा

ता. क. या बांधकामाविरुद्ध बांधकाम खात्याकडे कुणीतरी तक्रार केली आहे म्हणे. लोकांना उद्योग नाहीत.

११ फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझं कार्ड काल दुपारी मिळालं. "चुना किती दिवस मुरला होता?" नमस्कार नाही, खुशाली नाही, खाली सहीसुद्धा नाही. आई म्हणाली, "बापावर गेली आहे." मी कार्ड चष्म्याच्या घरात ठेवलं आहे, हरवू नये म्हणून.

नऊ दिवस. ऐकून हसू नकोस. नऊ दिवस मुरलेला चुना भिंतीला लावला आणि न विरलेले कण भिंतीत बसून आपापल्या सवडीनं फुटले. मी त्यांना सांगितलं, चुन्याला तीन महिने तोंड बंद करून पाण्याखाली झोपू द्यायचं, तुम्ही तर त्याला बारशाच्या आधी कामाला लावलंत. जटावाल्यानं ते वहीत लिहून घेतलं. मी जे बोलेन ते लिहून घेतो. चाळीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. तुझी आई तर ऐकतसुद्धा नाही.

आता त्यांच्याकडे तीन महिने नाहीत. जेवणाची खोली पावसाआधी व्हायला हवी, शिवाय तक्रारीचं लचांड आहे. म्हणून एक गोष्ट सांगतो, ती तुला ठाऊक नाही. आपल्या मागच्या अंगणातला चुन्याचा हौद मी बुजवलेला नाही. काम सोडलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं, बुजवला. वर फळ्या टाकल्या, त्यावर कुंड्या मांडल्या आणि दर रविवारी आई देवळात गेली की झारीनं पाणी घालत राहिलो. अकरा वर्षं! पाणी एकदाही खाली गेलेलं दिसलं नाही, तेव्हा वाटायचं आपला हौद किती नामी बांधलेला आहे.

परवा आईसमोर फळ्या उचलल्या. मी खाकरून म्हटलं, "एक सांगायचं राहिलं होतं."

ती म्हणाली, "रविवारी तुम्ही घालता, बुधवारी मी घालते. उघडा लवकर."

मुंगे, काय चुना आहे म्हणून सांगू! लोण्यासारखा. थापीवर घेतला तर थापी सोडायला तयार नाही. झिपऱ्यांची अख्खी फौज अंगणात आली होती. अनवाणी बाईनं चिमूटभर बोटांत घेऊन चोळला आणि तिचे डोळे भरून आले. चुन्यानं नव्हे. ही बाई बावीस वर्षं बँकेत अधिकारी होती, वातानुकूलित खोलीत बसायची. म्हणाली, "इतकी वर्षं थांबून राहिलेली वस्तू मी पहिल्यांदा हातात घेतेय."

मी म्हटलं, "आधी चप्पल घाला. चुना पायाला खातो."

तिनं घातली. एका तासात माझा पहिला विजय.

त्यांना शिकवायला सोपं जातंय, याचं मला रोज नवल वाटतं. जेवायच्या आधी हत्यारं धुवायची, हा आपल्याकडचा नियम मी सांगायला गेलो तर त्यांची धुऊन झालेली. ताटात काही टाकत नाहीत. फाटलेलं शिवतात, मोडलेलं जोडतात. टीव्ही नाही. जेवताना फोन एका टोपलीत. दोन म्हाताऱ्यांना पहिलं वाढतात, मग पोरांना. आपल्या रस्त्यावर हे सगळं चालणारी घरं आता किती उरली? मी बोटं मोजली, एका हातावर भागलं. आणि त्यातल्या एका घरात तर मीच राहतो.

अर्थात गाणी म्हणत गिलावा करतात. ते मला चालत नाही. थापीचा ताल बिघडतो. तसं सांगितल्यावर त्यांनी मताला टाकलं. मी हरलो.

औषधवाले काकांची गंमत तर राहिलीच. आपल्या रस्त्याच्या शिस्त मंडळाचे ते अजूनही अध्यक्ष आहेत, हे तुला आईनं कळवलं असेलच. मी तिकडे जातो असं कानावर गेल्यावर परवा दुकान बंद करून, कोट घालून, चौकशीला आले. अनवाणी बाईला उभ्या उभ्या विचारलं, "तुम्ही आणि हे जटावाले, तुमचं लग्न झालंय का?"

"अठरा वर्षं एकत्र आहोत."

"मी विचारलं, लग्न झालंय का?"

"नाही. तुमच्या मंडळात किती घटस्फोट झाले?"

मंडळात चार झाले आहेत, त्यातला एक काकांच्या घरातला. काका कोटाची बटणं बघू लागले. मग झिपऱ्यांतल्या एका म्हातारीनं त्यांना बसवलं, ताट वाढलं. ही जटावाल्याची आई. मोठ्या मुलांनी तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं, यानं उचलून इथे आणली. काका सगळं ऐकत जेवले. त्यांचा मुलगा परदेशात असतो, वाढदिवसाला फोनवर केकचं चित्र पाठवतो.

निघताना मला हळूच म्हणाले, "माणसं वाईट नाहीत हो. यांचे केस कापता येणार नाहीत का?"

मी म्हटलं, "मताला टाकू."

कळावे. तुझ्या कार्डाला उत्तर म्हणून लिहिलं, एवढंच.

बाबा

२० फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

बांधकाम खात्याचे साहेब येऊन गेले. अठ्ठावीस मार्चला ते पुन्हा येणार आणि त्या दिवशी खोली राहते की पडते ते ठरणार. हे मला खुद्द साहेबांनी सांगितलं. आणखीही एक गोष्ट सांगितली, ती तुला सांगावी की नाही याचा चार दिवस विचार केला.

साहेब तरुण आहेत, तिशीतले. बूट चकचकीत. भिंतीवर टिचक्या मारत फिरले आणि म्हणाले, "चुना, माती. पाऊस लागला की हे वाहून जाणार. पाडायची नोटीस काढावी लागेल."

मी पुढे झालो. छातीत असा जोर आला होता की काय सांगू. म्हटलं, "साहेब, मी चाळीस वर्षं गिलाव्याचं काम केलंय. गारगोटीनं नीट घोटलेल्या चुन्यावर पाणी ठरत नाही. सिमेंटला घाम फुटतो, चुन्याला नाही. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

त्यांनी माझं नाव विचारलं. फाईल उघडली. आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "काका, लिहून तुम्ही आधीच दिलंय. उलटं."

मंडळाची तक्रार होती ती. 'सदर बांधकाम चुना व माती अशा कालबाह्य व असुरक्षित पद्धतीचे असून जीवितास धोकादायक आहे.' खाली अकरा सह्या. पहिली माझी. पुढे कंसात, 'अनुभवी गिलावा कारागीर'.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की कुणीतरी तक्रार केली आहे. ते कुणीतरी मी.

काही महिन्यांपूर्वी औषधवाले काका कागद घेऊन आले, म्हणाले, त्या झिपऱ्यांना हटवायचंय. मी वाचलं नाही. वाचायची गरजच वाटली नाही. त्यांचे केस दिसत होते ना! पोरीसोरी पुरुषांच्या बरोबरीनं शिडीवर चढताना दिसत होत्या. सही ठोकली. आणि ज्या चुन्याच्या जोरावर तुम्हा दोघींना पोसलं, त्यालाच मी माझ्या सहीनं धोकादायक ठरवलं.

तिथे सगळे उभे होते. पंचवीसच्या पंचवीस. जटावाल्यानं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हाकलणार, आणि हाकललं तर त्यात चूक नाही. तो म्हणाला, "आजोबा, आमच्यातही कुणी काही नीट वाचत नाही. म्हणून तर हात वर करतो."

हसले सगळे. मला हसू आलं नाही.

औषधवाल्यांकडे गेलो. "सही मागे घ्यायची आहे." ते म्हणाले, "मलाही." दोघांनी अर्ज केला. खात्यातून उत्तर आलं की तक्रार मागे घेण्याचा नमुना उपलब्ध नाही. मग साहेबांना जाऊन भेटलो, दोन म्हातारे, खुर्चीच्या कडेवर बसून. साहेब मनाचे बरे निघाले. म्हणाले, "मला कागदाला कागद नको, भिंत दाखवा. बाहेरची, पावसाच्या बाजूची भिंत पूर्ण घोटून ठेवा. अठ्ठावीसला मी बादलीनं पाणी मारणार. पाणी आत शिरलं नाही तर मंजुरी. शिरलं तर माझा नाइलाज."

बादलीची परीक्षा! साहेबाला कुणी शिकवलं माहीत नाही, पण परीक्षा अगदी बरोबर निवडली.

जुना गिलावा खरवडून झाला. आपल्या हौदातल्या चुन्याचा पहिला थर कालच चढला, एकही फोड नाही. दुसरा पुढच्या आठवड्यात. बारा मार्चला शेवटचा बारीक थर आणि त्याच दिवशी घोटाई सुरू करायची, म्हणजे वाळायला सोळा दिवस मिळतात. पुरतात. घोटाईची व्यवस्था होईल. काळजीचं कारण नाही.

बाबा

२७ फेब्रुवारी

मुंगे,

"घोटणार कोण?"

तुझं कार्ड असंच येणार हे मला कळायला हवं होतं. दोन शब्द, आणि बापाला बरोबर कोपऱ्यात गाठलंस.

सांगतो. माझा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. शर्टाची बटणं तुझी आई लावते. दाढी मी न्हाव्याकडे करतो आणि सगळ्यांना सांगतो, म्हातारपणाचे लाड आहेत. ही पत्रंसुद्धा आई लिहिते, मी सांगतो. अक्षर तू ओळखलं असशीलच. ती लिहिताना काहीही बोलत नाही, फक्त सही डाव्या हातानं का होईना पण तुम्हीच करा, असं तिचं म्हणणं.

थापी अजून चालते. जाड थराला थोडी थरथर झाली तरी निभावतं. पण घोटाईला गारगोटी एका दाबानं, एका ओळीत, न थांबता फिरावी लागते. परवा एका फळीवर करून पाहिलं. फळी दिसत होती वाऱ्यावरच्या तळ्यासारखी.

झिपऱ्यांना सांगितलं तर त्यांनी लगेच तोडगा काढला. प्रत्येकानं वीतभर घोटायची! पंचवीस हात, पंचवीस विती, सगळ्यांची भिंत. जटावाला तर उत्साहानं नाचतच होता. मी म्हटलं, प्रत्येक वितीला सांधा पडेल, आणि पाणी सांध्यातूनच शिरतं. एका भिंतीला एकच हात हवा. त्यावर दोन तास चर्चा झाली. 'एकच हात' हा शब्द त्यांना मानवत नाही. कुणीतरी म्हणालं, ही हुकूमशाही झाली. अनवाणी बाई उठली. म्हणाली, "नऊ दिवसांच्या चुन्याला आपण सतरा मतं दिली होती. या वेळी मला मत द्यायचंच नाहीये. ज्याला येतं त्याला करू द्या." मग त्यांनी मताला टाकलं की घोटाईच्या दिवशी मतदान करायचं नाही. एकमतानं पास.

मग सगळे माझ्याकडे वळले. "तो एक हात कुणाचा, आजोबा?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी ते दिलं नाही. घरी आलो आणि तुझं कार्ड दारात होतं.

आता जे सांगायचं ते आईला मुद्दाम मोठ्यानं सांगतोय, म्हणजे तिनं गाळू नये.

तू सतरा वर्षांची होतीस. मी दोन दिवस बाहेरगावी कामाला गेलो होतो. परत आलो तर तू न्हाणीघराची अख्खी भिंत घोटून ठेवली होतीस. मला विचारलं नव्हतंस. शिकवलं तर मी कधीच नव्हतं. तू घमेली उचलता उचलता बघत होतीस, हे मला ठाऊक होतं. मी भिंतीवर तळहात फिरवला. नंतर रापी घेतली आणि खरवडायला लागलो. म्हणालो, "आपल्याकडे मुली बांबूच्या परांचीवर चढत नाहीत." चार वर्षांनी, मुली परांचीवर चढतात अशा लोकांत निघून गेलीस. मी लोकांना सांगितलं, पोरगी कुणा झिपऱ्याच्या नादी लागली. तुझ्याबरोबर झिपरा नव्हता हे मला माहीत होतं. तू थापी घेऊन गेली होतीस. माझी.

त्या दिवशी मला राग परांचीचा आला नव्हता. सतराव्या वर्षी मला तसं घोटता येत नव्हतं. तिसाव्या वर्षीही नाही. मी तळहात फिरवला आणि मला ते कळलं, एवढंच.

अर्धी भिंत खरवडून झाल्यावर आईनं हातातली रापी घेतली आणि विहिरीत टाकली. उरलेली अर्धी अजून आहे. येणाऱ्यांना मी सांगतो, ओल धरली म्हणून तिकडची गेली. रोज आंघोळीच्या वेळी तिच्यावर तांब्याभर पाणी मारून बघतो. अळवावरून घरंगळतं तसं जातं. अकरा वर्षं झाली, एक डाग नाही. म्हणून साहेबांची बादली ऐकली तेव्हा मी घाबरलो नाही. कुणाच्या हातची भिंत टिकेल ते मला पाठ आहे.

मी 'ये' म्हणायचा हक्क घालवला आहे. त्यामुळे ये म्हणत नाही. फक्त कळवतो: भिंत तेरा फूट उंच, एकवीस फूट लांब, पश्चिमेकडे तोंड. बारा मार्चला शेवटचा थर. तुझ्याशिवाय दुसरा हात मला माहीत नाही. तू आली नाहीस तर मी त्यांना सांगेन की वीतवीत घोटा, आणि सांधे मोजत अठ्ठावीसची वाट बघेन. पंचवीस माणसांचं जेवण त्या सांध्यांवर टांगलेलं असेल. ते तुझ्यामुळे नाही. माझ्या पहिल्या सहीमुळे.

बाबा

(हे मी लिहितेय. एकही शब्द गाळलेला नाही. सही त्यांनी उजव्या हातानं केली आहे, वाकडी आली तरी चालेल म्हणाले. – आई)

६ मार्च

माझ्या मुंगीस,

तू येतेयस! पोस्टमननं कार्ड देताना स्वतःच वाचून दाखवलं, लाज नाही त्या माणसाला. "बारा तारखेच्या पहिल्या बसनं येते. परांची तुम्ही बांधू नका, मी बांधीन. गारगोट्या माझ्याकडे आहेत." आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पुन्हा वाचा!" त्यानं पुन्हा वाचलं. चहा घेऊनच गेला.

मी तसाच निघालो. काठी विसरलो. गोदामापर्यंत मी कधी एवढ्या झपाट्यानं गेलो नसेन. जटावाला माती तुडवत होता. मी लांबूनच ओरडलो, "हात मिळाला!"

"कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

"ती कारागीर आहे?"

मी म्हटलं, "मी कारागीर आहे. ती माझ्या वरची आहे."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मातीच्या ढिगावरच बसलो. अनवाणी बाईनं पाणी आणून दिलं. हल्ली ती चपला घालते, पण नाव तेच राहिलं.

औषधवाले काकांना सांगितलं तेव्हा ते अडखळले. "मुलगी? तेरा फुटांवर? रस्त्यावरून लोक बघणार हो."

मी म्हटलं, "बघू द्या. मंडळालाही बोलवा, अकराच्या अकरा. सह्या केल्यात ना, आता बघायला या."

त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "कमरेला दोर बांधेल ना ती? माझ्याकडे कमरेचा चांगला पट्टा आहे. शस्त्रक्रियेनंतरचा, पण मजबूत." घेऊन ठेवला आहे. वापरायचा नसेल तर नको वापरूस, पण नाही म्हणू नकोस. त्यांनी स्वतः धुऊन दिलाय.

आता कामाचं. दुसरा थर सोमवारी चढला. ओळंबा लावून पाहिला, सुतासारखा आहे. फक्त डाव्या कोपऱ्यात, खालून चार फुटांवर, किंचित पोट आहे. तो कोपरा जटावाल्याचा. गाणं म्हणत होता. शेवटच्या थराचा चुना मी वेगळा काढून तीनदा फडक्यातून गाळून ठेवलाय, चौथ्यांदा तुझ्यासमोर गाळू. घोटाईला लागणारं साबणाचं पाणी अनवाणी बाई करणार. बांबू आणि दोर भिंतीजवळ पडलेत, कुणाला हात लावू दिलेला नाही. त्या दिवशी मतदान नाही, गाणंही नाही. म्हणजे मीच ठरवलं होतं, पण आई म्हणते हे तू ठरवायचंस. तुला चालत असेल तर गाऊ देत.

तुम्ही तिथे कशा राहता ते मी कधी विचारलं नाही. बारा तारखेलाही विचारणार नाही, कामाच्या वेळी मला बोललेलं आवडत नाही. पण काम झाल्यावर झिपऱ्यांनी आपल्या तिघांना जेवायला थांबायला सांगितलंय. तिथे फोन टोपलीत जातात आणि माणसं बोलतात. तेव्हा सांग. मी ऐकेन. जटावाल्याकडून एक वही मागून घेतली आहे.

लग्न केलंयस का, हे औषधवाले विचारणारच. काय वाटेल ते उत्तर दे. मी तुझ्या बाजूला बसलेला असेन.

बस पावणेसहाला येते. आई स्टँडवर असेल, मी नसेन, कारण सहाला भिंत भिजवायला घ्यावी लागेल आणि ते मी दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. तू परांची बांधेपर्यंत साडेसात. पश्चिमेची भिंत, दुपारपर्यंत सावलीत. घाई नाही. अठ्ठावीसला साहेब बादली घेऊन येतील, ते त्यांचं काम. बाराला तू वर असशील.

खाली घमेलं द्यायला झिपऱ्यांतले सात जण तयार होते. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. घमेलं दोन हातांनी धरलं की थरथर कमी होते, चार दिवस भरलेलं घमेलं उचलून बघतोय. सांडत नाही. फळीवर नीट पाय रोवलेस की हाक मार. पहिलं घमेलं मी देतो.

बाबा